खोकल्याच्या बाटलीआधीचा प्रश्न

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती. आजार सर्दी-तापाचा, औषध डॉक्टरांनी लिहून दिलेले, बाटली सीलबंद. काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या, लघवी थांबली आणि जिल्ह्यातल्या परासिया भागातून मुले नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली; त्या भागाला जवळचे मोठे शहर नागपूरच. मूत्रपिंडांच्या तपासणीनंतर संशय औषधाकडे वळला. तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. मग पालकांना सल्ले सुरू झाले: बॅच नंबर पाहून घ्या, नावाजलेल्या कंपनीचेच घ्या, चिठ्ठीशिवाय देऊ नका. सल्ले वाईट नाहीत, पण त्यांनी ही मुले वाचली नसती. चिठ्ठी होतीच. बॅच नंबरही छापलेला होता. तो घातक आहे हे कळेपर्यंत औषध पोटात गेले होते. आणि नावाजलेली कंपनी कोणती हे आईबापांनी कशावरून ठरवायचे? हे सगळे सल्ले बाटली घ्यायचीच असे गृहीत धरतात आणि मग ती कोणती एवढेच सांगतात. लहान मुलाच्या साध्या खोकल्याला बाटली लागते का, हा त्याआधीचा प्रश्न. त्याचे उत्तर गेली वीस वर्षे बऱ्यापैकी स्पष्ट आहे, फक्त ते घरापर्यंत पोचलेले नाही.

आधी विषाबद्दल, कारण ते नवे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकण्यासाठी एका कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. शंभरहून अधिक माणसे मेली, त्यांत बरीच मुले होती. त्या धक्क्याने १९३८ चा अमेरिकी औषध कायदा आला आणि बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचे दाखवणे बंधनकारक झाले. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतचा कारभार उघडा पाडला. महाराष्ट्रात त्या अहवालाची चर्चा बरीच झाली, धडा मात्र राज्याच्या सीमेतही पुरता मुरला नाही. १९९८ मध्ये गुरगावात ३३ मुले गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतल्या रामनगर भागात किमान बारा. २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुले दगावली आणि जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या एका कंपनीच्या चार सिरपांविषयी इशारा दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस उझबेकिस्तानातून नोएडात बनलेल्या सिरपची तक्रार आली. इंडोनेशियात त्याच वर्षी तिथल्याच देशी सिरपांनी दोनशेवर मुले मारली. देश बदलतो, कंपनी बदलते, पण मार्ग तोच राहतो.

तो मार्ग समजून घेतला की पालकांची दक्षता इथे का तोकडी पडते हे दिसते. सिरपमध्ये मुख्य औषध अगदी थोडे असते. बाकी सगळे साखर किंवा सॉर्बिटॉल, पाणी, रंग, वास आणि औषध विरघळवून ठेवणारे द्रावक. द्रावक म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. हीच रसायने औषधी दर्जाची मिळतात, तशीच रंग, शाई, प्लास्टिकच्या उद्योगांसाठी औद्योगिक दर्जाचीही मिळतात आणि ती स्वस्त असतात. औद्योगिक मालात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असू शकते. पिंप दलालांच्या हातांतून फिरते, कागद बदलतात, आणि कारखान्यात पिंप उघडल्यावर चाचणी झाली नाही की ते थेट बाटलीत उतरते. हे रसायन बिनरंगाचे आणि चवीला गोडसर असते. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे डायग्लायकोलिक आम्ल बनते आणि तेच मूत्रपिंडाच्या नलिका मारते. बाटली उजेडात धरून, वास घेऊन, जिभेवर थेंब ठेवून कोणत्याही आईला हे कळणार नाही. कोपऱ्यावरच्या ‘मेडिकल’वाल्यालाही नाही, डॉक्टरलाही नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणजे या एका धोक्यापुरते पालकांच्या हातात एकच गोष्ट उरते: गरज नसेल तर बाटली घरात न आणणे.

गरज नसते, हे कशावरून? आधी खोकला म्हणजे काय ते पाहू. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही आजाराची नव्हे, बालपणाची खूण आहे. बालवाडीत जाणाऱ्याला याहून जास्त. जवळजवळ सगळ्या सर्द्या विषाणूंच्या. नाकातला शेंबूड घशात उतरतो, श्वासनलिकेला सूज येते, आणि तो चिकटा फुप्फुसांत जाऊ नये म्हणून शरीर खोकते. हा खोकला किती दिवस टिकतो? २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यानुसार नव्वद टक्के मुलांचा खोकला थांबायला पंचवीस दिवस लागतात. पालकांचा अंदाज साधारण आठवड्याचा असतो. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात खोकल्याच्या औषधांचा सगळा व्यापार उभा आहे. आठव्या दिवशी खोकला चालूच असतो म्हणून दुसरी बाटली येते, बाराव्या दिवशी डॉक्टर बदलतो, आणि अठराव्या दिवशी जे कोणते औषध चालू असेल त्याला ‘गुण आला’ असे श्रेय मिळते.

श्रेयाचा हा घोळ सोडवण्यासाठीच तुलनात्मक चाचण्या असतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात रात्री खोकणाऱ्या शंभर मुलांवर एक साधी चाचणी झाली. काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काहींना डायफेनहायड्रामिन, आणि काहींना औषध नसलेले गोड पाणी. दुसऱ्या रात्री तिन्ही गटांतली मुले सुधारली, तिन्ही सारखीच. औषध मिळालेल्यांची झोप गोड पाणी मिळालेल्यांपेक्षा चांगली झाली नाही, त्यांच्या आईवडिलांचीही नाही. त्याच संशोधकांनी २०१४ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांवर केलेली दुसरी चाचणी मला याहून बोलकी वाटते. तिथे एका गटाला अगावे वनस्पतीचा गोड रस दिला, दुसऱ्याला रंगीत पाणी, तिसऱ्याला काहीच नाही. रस आणि पाणी यांत फरक पडला नाही. पण ज्यांना काहीतरी दिले गेले त्यांच्या पालकांना मूल बरे वाटले, ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्या पालकांना तेवढे नाही. बाटली बऱ्याच अंशी पालकांवरच काम करते, असे म्हणायला इथे आधार सापडतो. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अहवालांतही दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांच्या बाजूने ठोस पुरावा निघालेला नाही. अमेरिकेने २००८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधे देऊ नका असे सांगितले, आणि कंपन्यांनी लेबलवर ती मर्यादा चार वर्षे केली. ब्रिटनने २००९ मध्ये सहा वर्षांची रेषा आखली. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांच्या जोड-औषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापायला लावला. छिंदवाड्यात वाटली गेलेली बाटली याच जोडीची होती. म्हणजे त्यात विष नसते, तरीही ती त्या वयाच्या मुलांसाठी नव्हती. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवले की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधे लिहू नयेत, देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे सुचवली जात नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: डॉक्टरनेच लिहून दिले तर आईबापांनी काय करायचे? चिठ्ठी फाडायची का? नाही. पण चिठ्ठी कशी जन्मते हेही बघायला हवे. बाह्यरुग्ण विभागात एका मुलामागे मोजकी मिनिटे मिळतात. ‘हा आपोआप बरा होईल, तीन आठवडे लागतील’ हे समजावून सांगायला बाटली लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. औषध न देणारा डॉक्टर ‘काही देतच नाही’ म्हणून नापास होतो आणि पुढच्या वेळी पालक समोरच्या दवाखान्यात जातात. डॉक्टर पालकांच्या अपेक्षेकडे बोट दाखवतात, पालक डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे. यातला जाणकार आणि फी घेणारा डॉक्टर असतो, म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा त्याचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी पालकांकडेही एक उपाय आहे: ‘हे औषध नाही दिले तर काय होईल?’ एवढे शांतपणे विचारणे. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न अपमान वाटत नाही. उलट बाटली न लिहिण्याची परवानगी मिळते.

अपवादही आहे आणि तो मोठा आहे. काही मुलांच्या खोकल्यामागे दमा असतो. श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री पहाटे खोकला वाढतो, धावल्यावर उबळ येते. या मुलाला औषध हवेच, आणि नेमके तेच नाकारले जाते. ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ हा समज शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांतही पक्का आहे. मग पंपाऐवजी साल्ब्युटॅमॉल, ॲम्ब्रोक्सॉल, ग्वायफेनेसिन अशी तीन औषधे कोंबलेले सिरप चालते. हिशेब पाहा. पंपाच्या एका दाबात साल्ब्युटॅमॉल १०० मायक्रोग्रॅम असते आणि ते थेट श्वासनलिकेत जाते. नेहमीच्या सिरपच्या पाच मिलीलिटरमध्ये तेच दोन मिलिग्रॅम असू शकते, म्हणजे वीसपट. ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते, हात थरथरतात, छाती धडधडते. सौम्य म्हणून निवडलेला मार्गच जास्त औषध अंगात घालतो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपतात, सकाळी सहाच्या लोकलला किंवा ऊसतोडीला जायचे असते, आणि मूल रात्रभर खोकत असते. अशा घराला ‘वाट पाहा’ सांगणे हा भरल्या पोटाचा सल्ला नव्हे का? थोडा आहे. झोप ही खरी गरज आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून कोणताही आरोग्यसल्ला टिकत नाही. पण सिरपने जी झोप येते ती खोकला थांबल्याची नसते, क्लोरफेनिरामिनच्या गुंगीची असते, आणि लहान बाळात तीच गुंगी श्वास मंद करू शकते. वर्षावरील मुलाला झोपण्याआधी अर्धा ते एक चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो, हे चाचण्यांत दिसले आहे आणि कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यातही मध ‘काहीच न देण्यापेक्षा’ बरा ठरला. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि अंगावरचे दूध किंवा कोमट पाणी थोडे थोडे पाजत राहणे, यांचाही आधार मिळतो.

मात्र ‘घरगुती म्हणजे निर्धोक’ ही समजूतही त्याच झोळीतली. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळांना बॉट्युलिझम होऊ शकतो, अंग लुळे पडते. आपल्याकडे जन्मल्या बाळाला मध चाटवतात, सहाणेवर वेखंड-मुरडशेंगेचे वेढे देऊन गुटी मधात कालवतात. गुटीचा वाद बाजूला ठेवला तरी मध काढून टाकायला हवा. शेगडीवर ओवा-बाळंतशेपाची धुरी ही बंद खोलीत कोवळ्या फुप्फुसांना धूरच देते. नाकात तेल सोडल्याने ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येऊ शकते. पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ खोकल्याला फारशी उपयोगी नाही आणि ते पातेले कलंडून भाजलेली मुले रुग्णालयांत येतात. कापूर दोन वर्षांखाली छातीला चोळू नये, पोटात गेला तर झटके येतात. मेळघाटात पोट फुगलेल्या, धापणाऱ्या तान्ह्याला तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डम्मा म्हणतात. शहरातला माणूस ते ऐकून हळहळतो. पण काहीतरी केलेच पाहिजे ही तगमग दोन्हीकडे एकच आहे, शहरातल्या तगमगीला फक्त सील आणि छापील किंमत असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कारखानदाराने विष घातले, निरीक्षकाने पाहिले नाही, आणि तुम्ही आईबापांना शहाणपण शिकवता? हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. औषध शुद्ध असणे ही पालकांच्या दक्षतेची नव्हे, सरकारच्या यंत्रणेची जबाबदारी आहे. प्रत्येक बॅचच्या कच्च्या मालाची चाचणी करणे कारखान्यावर कायद्याने आधीपासून बंधनकारक आहे. कमी आहे ती पाहणारी नजर. गांबियाच्या घटनेनंतर १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपला सरकारी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. देशातल्या मुलांसाठी निघणाऱ्या बाटलीला तशी सक्ती केली गेली नाही. औषध नियमावलीच्या अनुसूची ‘के’ने तर हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावांत खोकल्याचे सिरप विनापरवाना विकायला सूट दिलेली होती. हे बदलणे हा राजकीय मागणीचा विषय आहे आणि ती मागणी लावून धरलीच पाहिजे. पण विषारी बॅच पुन्हा बाजारात येणारच नाही अशी हमी उद्या सकाळी कोणी देणार नाही, मुलाला खोकला मात्र उद्या सकाळीही होणार आहे. शिवाय शुद्ध औषधही चुकीच्या मापाने घातक ठरते. ताप-अंगदुखीसाठी घरोघरी असलेले पॅरासिटामॉल घ्या. थेंबांच्या बाटलीत ते एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम असते, एका सिरपमध्ये पाच मिलीलिटरला १२० किंवा १२५, आणि मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलीलिटरला २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागते. म्हणजे थेंबांतून दीड मिली, पहिल्या सिरपमधून सुमारे सहा. थेंबांच्या बाटलीतून सहा मिली गेले तर चौपट. आणि सर्दीच्या जोड-सिरपमध्ये पॅरासिटामॉल अनेकदा आधीच असते, हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. घरातल्या बाटल्या जितक्या कमी, तितका हा गोंधळ कमी.

आता शेवटची भीती, आणि ती खरी आहे: साधा खोकला समजून थांबलो आणि तो न्यूमोनिया निघाला तर? भारतात पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांत न्यूमोनिया आहे. पण त्यावरही खोकल्याचे सिरप चालत नाही. त्याला प्रतिजैविक लागते, कधी ऑक्सिजन. त्यापासून बचाव लसीने होतो. पेंटाव्हॅलंटमधली हिब लस आणि २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आलेली, २०२१ पर्यंत देशभर पोचलेली न्यूमोकोकल लस, दोन्ही सरकारी केंद्रात फुकट आहेत. आणि न्यूमोनिया ओळखायला घरात यंत्र लागत नाही हे सर्वांत आधी दाखवणाऱ्यांत आपल्या गडचिरोलीचे नाव आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून गावोगाव काम केले, गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दाईंना मुलाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. अक्षरओळख नसलेल्या दाईंसाठी मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी असलेली पट्टी केली: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मण्यापाशी पोचले तर न्यूमोनिया. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षात या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटलेले दिसले. जे काम निरक्षर दाईला जमले, ते हातात मोबाइल असलेल्या बापाला जमू नये असे काही नाही.

म्हणून पुढच्या खोकल्याला बाटली शोधण्याआधी घड्याळ घ्या. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, छाती-पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त निघाले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आकडा कमी असला तरी श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर असतील, मूल पीत नसेल, सतत गळून झोपत असेल, किंवा शेंगदाणा-फुटाणा खाताना अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. दोन महिन्यांखालचे बाळ आजारी दिसले की आकडा मोजत बसूही नका. आणि कोणतेही सिरप दिल्यावर उलट्या होऊन लघवी कमी झाली तर बाटली टाकून देऊ नका. मुलाबरोबर ती बाटलीही मोठ्या रुग्णालयात घेऊन जा.